रुळवाटेवरच्या नणंद-भावजय

वहिनीची नणंद पंधरा दिवसांसाठी म्हणून राहायला आली, तेव्हा तिच्या हातात एकच बॅग होती. "घराचं छत गळतंय गं. दुरुस्तीवाले म्हणालेत पंधरा दिवस. तेवढे काढते इथं," असं तिनं दारातच सांगून टाकलं होतं. मग बॅगेमागून एक खुर्ची आली. खुर्चीमागून उशी आली, कारण इथल्या उशा म्हणे उशा नव्हेत, नुसता लोळागोळा. थंडी आली आणि गेली, रस्त्यावरच्या झाडांना नवी पानं फुटली, आणि ही नणंद, म्हणजे ताई, हॉलमधल्या सोफ्यावर मूळ धरून बसल्या त्या बसल्याच.

ताई वाईट होत्या असं कुणी म्हणणार नाही. वहिनीसुद्धा म्हणत नव्हती. पण ताईंनी उभा जन्म पोहण्याच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवण्यात घालवला होता. तिथं बोलायचं म्हणजे या काठावरून त्या काठाला ऐकू गेलं पाहिजे. नोकरीतून ताई निवृत्त झाल्या, त्यांचा आवाज काही झाला नाही. "मीठ दे" म्हणाल्या तरी शेजारच्या घरात कुणीतरी मीठ शोधायला उठावं. आणि घर तर दोन खोल्यांचं. वहिनीचा नवरा बेकरीत भट्टीवर कामाला. उजाडायच्या आत जायचा, दुपारी येऊन झोपायचा. टक्कल पडलं, पोट सुटलं, तरी ताईंच्या लेखी तो अजून छोटूच. हा छोटू दुपारी कानात कापूस कोंबून, वर उशी दाबून पडायचा, आणि बाहेर ताई कुणालातरी फोनवर सांगत असायच्या, "हळू बोलतेय हं, छोटू झोपलाय!"

शेवटी उपाय त्यालाच सुचला. भट्टीवरच्या सोबत्यानं त्याला एक खेळ सांगितला होता.

"लोक डबे लपवतात," तो वहिनीला म्हणाला. "फोनमधल्या नकाशावर जागा दिसते, पण साधारण. तिथं जाऊन आपण शोधायचं. सापडला की आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबा होता तसा ठेवून द्यायचा. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. आपल्या रुळवाटेवर पुष्कळ आहेत."

"आणि मिळतं काय?"

"काही नाही. डबा सापडतो."

"मग सापडून उपयोग काय?"

छोटूनं हॉलकडे बोट दाखवलं. "ताई अर्धा दिवस घराबाहेर."

वहिनीनं तिथल्या तिथं तो खेळ ताईंच्या फोनवर घालून दिला.

रुळवाट म्हणजे गावाबाहेरून जाणारा जुना रेल्वेमार्ग. गाडी कधीच बंद झाली होती. रूळ उचलून नेले, खडीवर बारीक मुरूम टाकून चोपला, आणि आता तिथं माणसं चालतात, सायकली फिरवतात. जुन्या स्टेशनाच्या फलाटावर कॉफीचं दुकान निघालंय. सिग्नलचे खांब, मोऱ्या, लोखंडी पूल, सगळं जिथल्या तिथं आहे. गाडी तेवढी नाही.

ताईंना खेळ ऐकताक्षणीच आवडला. पण वहिनीच्या बेतात एक खोट निघाली. ताईंना जवळचं दिसत नव्हतं. फोन हात लांब करकरून बघायच्या, आणि हात पुरेनासा झाला की फोनलाच नावं ठेवायच्या. वहिनी चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांची नाकं मापायची, काड्या वाकवून कानांवर बसवायची. "ताई, एकदा डोळे तपासून घ्या," असं तिनं किती वेळा म्हटलं असेल. "डोळे ठणठणीत आहेत माझे. तुझ्या त्या रस्त्यापलीकडच्या पाटीवरचं वाचून दाखवू?" असं म्हणून ताई खरंच वाचून दाखवायच्या. लांबचं त्यांना घारीसारखं दिसायचं. प्रश्न हातातल्याचा होता.

तेव्हा नकाशा बघायला कुणीतरी बरोबर हवं. छोटू रविवारी झोप काढणार. राहिली कोण? वहिनी. करायला गेले काय आणि वरती झाले पाय, असं मनाशी म्हणत तिनं बूट चढवले.

पहिला डबा पुलाच्या कठड्यावर निघाला. एक बोल्ट होता, बाकीच्या बोल्टांसारखाच गंजलेला, पण ताईंनी ओढला तर हातात आला! आत पोकळ, चुंबकानं चिकटवलेला, आणि पोटात कागदाची बारीकशी सुरळी. ताईंनी अशी काही किंकाळी फोडली की खालच्या ओढ्यातली बदकं उडाली. नाव काय लिहायचं यावर दोघींचं थोडं वाजलं. अखेर वहिनीनं लिहिलं, 'नणंद-भावजय'. घरी परतताना तिच्या लक्षात आलं की सकाळभर ताईंचा आवाज तिला टोचला नव्हता. मोकळ्यावर तो जेवढ्यास तेवढा वाटत होता.

मग दर रविवार ठरूनच गेला. मोरीतला डबा, मैलाच्या दगडामागचा डबा, झाडाच्या ढोलीतला डबा. ताई हातांनी चाचपून शोधायच्या, वहिनी डोळ्यांनी. एकीला लांबचं दिसायचं, दुसरीला जवळचं, त्यामुळं भांडण व्हायचं ते फक्त मधल्या अंतरावर.

एक डबा मात्र काही केल्या सापडेना. त्याचा पत्ता म्हणून फोनवर एक ओळ होती: 'गाडी आली की मी आडवा व्हायचो, गाडी गेली की उभा राहायचो.' खाली कितीजणांनी हार कबूल केली होती. नकाशावरची खूण सिग्नल आणि जुनं फाटक यांच्या मधोमध दाखवत होती.

"सिग्नलचा हात," ताई छातीठोकपणे म्हणाल्या. "दुसरं असणारच नाही."

खेळाचा एक कडक नियम होता. शोधताना येणाऱ्या-जाणाऱ्यांना कळता कामा नये, नाहीतर कुणी डबा उचलून नेतं. ताई सिग्नलच्या खांबाला मिठी मारून वरचा भाग चाचपत होत्या, तेवढ्यात वळणावरून चालणाऱ्यांचा एक घोळका आला. वहिनीची गाळण उडाली. ताई डगमगल्या नाहीत. तशाच खांब धरून त्यांनी एक पाय मागं उचलला आणि तलावावरच्या आवाजात सुरुवात केली, "एऽक! दोऽन! पाठ ताठ! श्वास कुणी सोडायचा, मी सोडायचा का?"

घोळका थांबला. एका गृहस्थांनी वाटेकडेचा कठडा धरला आणि पाय उचलला. त्यांच्या बायकोनं नवऱ्याचा खांदा धरून उचलला. बघता बघता सगळेच एका पायावर. ताईंनी त्यांच्याकडून मान, खांदे, कंबर, गुडघे, सगळं करवून घेतलं, आणि जाताना एक बाई घाम पुशीत म्हणाली, "पुढच्या रविवारी इथंच ना, ताई?"

"इथंच!" ताई म्हणून बसल्या.

पुढच्या रविवारी आणखी माणसं आली. डबा राहिला बाजूला, ताईंचा व्यायामाचा वर्ग सुरू झाला. वहिनीही मागच्या रांगेत उभी राहायची आणि 'कोपर, वहिनी, कोपर!' अशी जाहीर बोलणी खायची. पण तिला राग यायचा नाही. वर्गापुढं उभ्या ताई सोफ्यावरच्या ताईंपेक्षा दहा वर्षांनी लहान दिसायच्या.

त्या ओळीचं उत्तर वहिनीला दुकानात सापडलं. एका आजोबांच्या कानामागं काडी बसवताना तिची नजर खिडकीबाहेर गेली. समोर गाड्या उभ्या करायच्या जागेवर एक लाल-पांढरा दांडा होता. गाडी आली. दांडा उभा राहिला. गाडी गेली, दांडा आडवा झाला. म्हणजे उलटं. आणि रेल्वेचं असेल तर?

"फाटक!" वहिनी ओरडली. आजोबा एवढे दचकले की चष्मा नाकावरून थेट मांडीवर.

त्या रविवारी दोघी वर्गाच्या बऱ्याच आधी फाटकापाशी पोचल्या. दांडा कधीच नाहीसा झाला होता, पण तो ज्यावर बसायचा तो जाडजूड, पोकळ लोखंडी खांब उभा होता. छातीच्या उंचीवर, पूर्वी कसलंतरी यंत्र असेल तिथं, एक वाटोळं भोक.

"थांबा, आधी नीट बघू," असं वहिनी म्हणतेय तोवर ताईंचा हात कोपरापर्यंत आत गेलासुद्धा.

"आहे! अगं, आहे! डबा आहे! साखळीला लटकलाय!"

"काढा मग."

ताईंनी ओढलं. पुन्हा ओढलं. त्यांचा चेहरा बदलला.

"येत नाहीये."

"डबा येत नाहीये की हात?"

"दोन्ही."

मुठीत डबा, म्हणून मूठ भोकातून निघेना. वहिनीनं वाकून आत डोकावलं, पण ताईंच्या दंडापलीकडं काही दिसेना. "डबा सोडा, ताई."

"सोडू? इतक्या लोकांनी हात टेकले त्या डब्यापुढं, आणि हातात आलेला मी सोडू?"

"हात दाखवून अवलक्षण झालंय हे! सोडा म्हणते ना."

"मुळीच नाही."

एवढ्यात वळणावरून वर्ग आला. सगळेच लवकर, सगळेच ताजेतवाने, आणि ताईंना सिग्नलशी न बघता पार फाटकापर्यंत चालत आलेले. ताईंनी क्षणात चेहरा सारखा केला. "आज खांदा!" त्या गरजल्या. "उजवा हात समोर! ताठ! मी सांगेपर्यंत कुणी खाली घ्यायचा नाही!" मुरमावर ओळीनं माणसं उभी राहिली, प्रत्येकाचा उजवा हात हवेत, जणू सगळ्या गावानं मिळून एक अदृश्य खांब धरलाय. वहिनीनं हसू येऊ नये म्हणून ओठ दातांखाली धरला.

त्या दिवशी वर्गात एक नवीन बाई होती. हात तसाच पुढं ठेवून ती लगबगीनं ताईंच्या जवळ आली. "अगंबाई, ताई! मला वाटलंच, हा आवाज आपल्या जिन्यातलाच! कधी येताय घरी? किती दिवस झाले तुमचं दार बंद."

ताईंनी खांबाकडं तोंड फिरवलं. तोंड लपवणाऱ्या ताई वहिनीनं कधी पाहिल्या नव्हत्या.

"मी ताईंच्या खालच्या मजल्यावर राहते," बाईंनी वहिनीला सांगितलं. "छताचं काम तर मागंच झालं, थंडी संपायच्या आत. भिंतींना रंगसुद्धा दिला. कुंड्यांना मीच पाणी घालते हो. आणि तुम्ही त्यांच्या वहिनी ना? बरी आहे का आता तब्येत? ताई फोनवर म्हणाल्या, वहिनीला एकटीला घर झेपत नाही, माझ्याशिवाय तिचं पानही हलत नाही, म्हणून अडकून पडलेय."

अडकून तर ताई पडल्याच होत्या. पळायची सोय नव्हती. वहिनीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ती एवढंच म्हणाली, "बरी आहे. फार बरी आहे."

"हात खाली!" ताईंनी हुकूम सोडला, पण आवाजात जोर नव्हता. "आता सगळ्यांनी फलाटापर्यंत झपाझप चालत जायचं. कॉफी मागवा. आम्ही आलोच."

वर्ग गेला. पावलांखालचा मुरूम वाजायचा थांबला. राहिल्या दोघी आणि खांब.

"माझं पान हलत नाही?" वहिनी म्हणाली.

"अगं, बोलायला काहीतरी..."

"मी सकाळी उठून स्वयंपाक करते, दिवसभर दुकानात उभी राहते, संध्याकाळी येऊन तुमची खुर्ची सरकवून केर काढते. माझा नवरा कानात कापूस घालून झोपतो. कापसाचा बोळा आत राहिला म्हणून डॉक्टरकडं नेला होता मी त्याला, ठाऊक आहे? आणि घर तुमचं तयार! रंग देऊन तयार! सरळ सांगायचं होतं, 'वहिनी, मला तिकडं जायचं नाही.' ताकाला जाऊन भांडं कशाला लपवलंत?"

ताईंनी खांबाला कपाळ टेकवलं. मग बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज साध्या माणसाच्या आवाजाएवढा होता.

"गेले होते एकदा बघायला. काम झाल्यावर. तुला सांगितलं होतं बाजारात जाते म्हणून. दार उघडलं, सगळं स्वच्छ, पांढरंशुभ्र. खुर्चीवर बसले. कसलाच आवाज नाही गं. छत गळत होतं तेव्हा बादलीत टपटप तरी व्हायचं. तेवढी तरी सोबत होती. म्हटलं, हे लोक मेले गळतीसुद्धा दुरुस्त करून गेले."

वहिनीला रागातच राहायचं होतं. तिनं खूप प्रयत्न केला. पण 'गळतीसुद्धा' या शब्दावर तिच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला, आणि मग तिला हसू आवरेना. ताईंनी आधी दुखावून पाहिलं, मग त्याही हसायला लागल्या, आणि हात आत अडकलेला असल्यामुळं हसता हसता खांबावरच आपटल्या.

"खरं सांगू, ताई?" डोळे पुसत वहिनी म्हणाली. "मला तुम्ही घरात नको आहात. राग येवो, नाहीतर काही होवो. दोन खोल्यांत तुम्ही मावत नाही. पण रविवारी तुम्ही नसाल तर मला चालायचं नाही. शपथेवर सांगते."

ताईंनी तिच्याकडं बघितलं. "नको म्हणालीस तू मला."

"म्हणाले."

"तोंडावर."

"तोंडावरच. मागून म्हणून म्हणून कंटाळले होते."

"छोटूत एवढी धमक नाही," ताई म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यात चक्क कौतुक होतं.

मग वहिनी गुडघ्यांवर बसली. रागाच्या भरात तिनं खांब खालपासून नीट पाहिलाच नव्हता. तळाशी गवत वाढलेलं होतं. ते बाजूला केलं तर एक लोखंडी झडप, लहानशी, बिजागरीवर. तिनं उचकटली. आत मोकळी जागा होती. वरून साखळी, साखळीला डबा, आणि डब्याला ताई.

"ताई, दार इकडं आहे! डबा खालून काढायचाय. तुम्ही सोडलात की इथं येतो."

"नक्की?"

"मी बघतेय ना इथून. सोडा आता."

ताईंनी सुस्कारा सोडला, आणि मग डबा. साखळी खडखडली, डबा झडपेतून वहिनीच्या ओंजळीत येऊन पडला. हात मात्र मनगटाशी सुजला होता, अजून निघेना. वहिनीनं पिशवीतून चष्मे पुसायच्या पाण्याची बाटली काढली, ताईंच्या हातावर भरपूर फवारा मारला, आणि हळूहळू पिळत, वळवत, 'आई गं, आई गं' ऐकत हात बाहेर आणला. हात लालभडक, पण काचेसारखा चकचकीत.

डबा मुठीत जेमतेम मावेल एवढा होता. आत एक प्लॅस्टिकचा बेडूक, दोन गोट्या, एक मोठं निळं बटण आणि नावांची सुरळी. ताईंनी सुरळी हातात घेतली आणि सवयीनं हात लांब केला. आणखी लांब केला. हात दुखत होता. वहिनीनं पिशवीतून आपल्या दुकानातला वाचायचा एक चष्मा काढून त्यांच्या नाकावर चढवला.

"अगं," ताई म्हणाल्या. कागद जवळ आणला. "अगं, किती बारीक लिहितात ही माणसं!" मग त्यांनी वहिनीकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "आणि तुला गालावर तीळ आहे की."

"लग्नाच्या आधीपासून आहे, ताई."

"मला कुणी सांगितलं नाही."

'नणंद-भावजय' हे नाव त्या दिवशी ताईंनी स्वतः लिहिलं, मोठ्या अक्षरांत, दुसऱ्यांच्या ओळींवर अतिक्रमण करून.

फलाटावर वर्ग कॉफी पीत बसला होता. वहिनी खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "ताई याच आठवड्यात येतायत घरी. पण तुमच्याकडं एक काम आहे. जिन्यातून जाता-येता दार वाजवत जा. कारण असो नसो."

"एवढंच ना!" बाई म्हणाल्या. "आमच्याकडं सगळेच बोलायला माणूस शोधत असतात. ताईच दार लावून बसायच्या, आम्हाला वाटायचं, रागीट आहेत."

"मी? रागीट?" ताई गरजल्या, आणि शेजारच्या टेबलावरची कॉफी सांडली.

ताई गेल्या त्या दिवशी छोटूनं खुर्ची डोक्यावर घेऊन चार मजले चढवली. परत येऊन तो आनंदानं आडवा झाला, कूस बदलली, पुन्हा बदलली, आणि थोड्या वेळानं उठून हॉलमध्ये आला. "झोप येत नाही," म्हणाला. "फार शांत झालंय." वहिनीनं त्याच्याकडं असं बघितलं की तो मुकाट्यानं परत गेला. त्यानंतर मात्र तो घोरायला लागला, आणि वहिनी रिकाम्या सोफ्यावर पाय पसरून बसली. पूर्ण लांब पसरून. इतकं सुख तिला पुष्कळ दिवसांत मिळालं नव्हतं, हे तिनं कुणापासून लपवलं नाही.

त्या रविवारी ती ताईंना घ्यायला त्यांच्या घरी गेली. इतक्या वर्षांत ती तिथं कधी नीट गेलीच नव्हती. येत होत्या त्या ताईच. जिना चढता चढताच आवाज ऐकू आला, पण एकट्या ताईंचा नव्हता. दार सताड उघडं होतं. आत खालच्या मजल्यावरच्या बाई, सिग्नलपाशी कठडा धरणारे गृहस्थ आणि त्यांची बायको, आणि वर्गातल्या आणखी दोघी, सगळे जमिनीवर एक कागद पसरून त्याच्याभोवती ओणवे झाले होते. कागदावर रुळवाट काढलेली होती, बरीच वाकडी.

"आपण आता स्वतःचा डबा लपवायचाय," ताईंनी चष्म्यावरून बघत जाहीर केलं. "ये, बस. हे म्हणतात पुलाखाली, ही म्हणते पाण्याच्या टाकीवर. दोघांनाही अक्कल नाही."

कुणीतरी वहिनीच्या हातात कॉफी दिली. मांडी घालून बसत ती म्हणाली, "मला वाटतं, मोरीत..."

"मोरीत?" सगळे एकदम ओरडले. "मोरीत तर कुणालाही सापडेल!"

"ऐकून तर घ्या माझं!" वहिनी ओरडली, आणि तिचा आवाज असा काही लागला की खालच्या मजल्यावर कुणाचंतरी दार उघडल्याचं ऐकू आलं.